कागदावर वीज, तोंडी धनगर

पाडव्याला गावी गेलो तेव्हा गोठ्यात तीन खुंटे रिकामे होते. दावी तशीच लोंबत होती, ती सोडायला कुणाचा हात धजावला नव्हता. आमचे चुलते तात्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू करतात आणि खिलार जनावरं राखतात. चार दिवसांपूर्वी भर दुपारी दोन गाई आणि एक कालवड चरता चरता पडली आणि अर्ध्या तासात गेली. चौथी गायही पडली होती, पण ती वाचली. माझी धाकटी बहीण पशुवैद्यक आहे, शेजारच्या तालुक्यात नोकरीला. निरोप मिळताच ती आली होती. तिच्या आधी तालुक्याचे डॉक्टर पोहोचले होते. त्या दुपारपासून तात्या आणि ती एकमेकांशी धड बोलत नव्हते. संध्याकाळी ओसरीवर मी मधे बसलो आणि अबोला फुटला. दोघंही माझीच माणसं, म्हणून जे ऐकलं ते लिहून ठेवतो आहे.

तात्यांनी सुरुवात माझ्याकडे बघून केली. "इचार तुझ्या बहिणीला. तीन तास माझ्या गाई उन्हात पडून व्हत्या. तुझी काकू हळदकुंकू आन् तांब्याभर पाणी घेऊन आली, तर हिनं तिला बांधावरच आडवली. म्हनली, हात लावू नका. आगं, जी गाय तिनं वासरू असल्यापासनं वाढवली, तिला शेवटचं कुकू लावायचं न्हाई?"

बहीण लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकूंना अडवलं त्याचं मला अजून वाईट वाटतं, तात्या. पण धडधाकट जनावर चरता चरता खटकन मेलं, की आमच्या डोक्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट येते. फाशीचा रोग तर नसेल?"

"फाशीला नाकातनं रगत येतं. न्हवतं आलं."

"दर वेळी येतंच असं नाही. आलं तर ते काळं, डांबरासारखं, न गोठणारं असतं. पण रक्त दिसत नाही म्हणून फाशी नाही, असं समजून ज्यांनी पोट फाडलं त्यांच्या हातावर काळपुळी उठलेली आहे. आणि नुसती माणसाची भीती नाही. फाशीचे जंतू बंद कलेवरात सडण्याबरोबर काही दिवसांत मरतात. कलेवर उघडलं, हवा लागली, की ते स्वतःभोवती कवच करतात. ते कवचातले जंतू मातीत कित्येक दशकं टिकतात. म्हणजे माझ्या एका सुरीच्या फटक्यानं तुमचं ते रान तुमच्या नातवंडांच्या जनावरांनाही धोक्याचं झालं असतं. म्हणून आधी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चौकोनी टोकांच्या निळ्या काड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टन दिसलं तर जनावर न फाडता, खोल खड्ड्यात. तुमच्या गाईंच्या काचा तालुक्याला नेऊन, बघून, परत यायला तीन तास लागले. काचा स्वच्छ निघाल्या तेव्हाच सुरी हातात घेतली."

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समध्ये एके काळी काही कुरणांना लोक शापित म्हणत. तिथे मेंढ्या-गाई सोडल्या की मरत, शेजारच्या रानात मरत नसत. रॉबर्ट कॉखनं १८७६ मध्ये फाशीच्या जंतूचं सगळं जीवनचक्र मांडलं. पुढे लुई पाश्चरनं दाखवलं की शाप वगैरे काही नाही, त्या कुरणांत फाशीनं मेलेली जनावरं पुरलेली असतात आणि गांडुळं ती माती वर आणतात. १८८१ मध्ये त्यानं पुयी-ल-फोर या गावी सगळ्यांसमोर लस टोचून दाखवली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८८९ मध्ये, जनावरांच्या रोगांचा शोध घेणारी हिंदुस्थानातली पहिली सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. मेलेलं जनावर हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे, हे आपल्या मातीत रुजायला सुरुवात झाली त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. तरीही तात्यांच्या ओसरीवर त्या संध्याकाळी तो प्रश्न अगदी नवा होता.

"बरं, फाशी न्हवती," तात्या म्हणाले. "मंग वीज लिवायला काय हरकत व्हती? पंधरा दिसांमागं केवढ्या इजा झाल्या! गारा पडल्या, पलीकडल्या वस्तीवरचं नारळाचं झाड जळालं. तलाठ्यानं पंचनामा केला असता, मला चार पैसं आलं असतं."

मला आकडा ठाऊक होता. वीज पडून दुभती गाय गेली तर केंद्र सरकारच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे ३७,५०० रुपये मिळत, बैलाला ३२,०००. चाऱ्यातून विषबाधा झाली तर त्या खात्यातून काही नाही. तात्यांच्या गाईंचा विमा नव्हता, कानात नुसता सरकारी बिल्ला होता. दोन गाई आणि एक कालवड गेलेल्या माणसानं हा हिशोब केला तर त्याला नावं ठेवायला मी धजणार नाही.

"पाऊस बारा दिवस आधी झाला होता, तात्या. गाई पडल्या त्या दुपारी आभाळात ढग नव्हता. विजेनं मेलेलं जनावर झाडाखाली नाहीतर तारेच्या कुंपणाला सापडतं, कधी अंगावर केस जळाल्याचा पट्टा असतो, तोंडात घास तसाच असतो. जागच्या जागी संपतं ते. तुमच्या गाई पडायच्या आधी डुलत होत्या, तोंड वासून श्वास घेत होत्या, पडल्यावर पाय झाडत होत्या. हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच."

"मी खरं सांगितलं ते चुकलं म्हन की!"

"नाही. पण तुम्ही दोन खोट्या गोष्टी बोलताय. तलाठ्याला सांगायला वीज आणि पारावर सांगायला धनगर. कागदावर वीज, तोंडी धनगर. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?"

तात्यांचा चेहरा उतरला. मला हे ठाऊक नव्हतं. काकूनं आतून हळूच सांगितलं. शाळू निघाल्यावर एका धनगराची मेंढरं रानात चार रात्री बसवली होती. जाताना धान्याच्या मापावरून बोलाचाली झाली. धनगर रागानं वाडा उचलून गेला. आता गाई मेल्यावर तात्यांनी पारावर चार माणसांत सांगून टाकलं होतं की त्यानंच जाताना काहीतरी टाकलं. गावातले दोन पोरगे मोटरसायकलवर त्याचा वाडा शोधायलाही निघाले होते, त्यांना काकूनं थांबवलं होतं.

"त्यानं टाकलं न्हाई तर काय?" तात्यांचा आवाज चढला. "चाळीस वरसं झाली, शाळू निघाला की मी ह्याच रानात गुरं सोडतो. माझा बा सोडायचा. एक जनावर कधी मेलं न्हाई. ह्या वर्साला तो भांडून गेला आन् ह्याच वर्साला गाई मेल्या. ह्ये कसं?"

हा प्रश्न खरा होता आणि तो तात्यांनी नीट विचारला होता. बहिणीलाही तो खरा वाटला असावा, कारण तिचा आवाज बदलला. पशुवैद्यक बोलत होती ती थांबली आणि घरची मुलगी बोलू लागली.

"ह्या वर्षी दुसरं काय वेगळं झालं, ते आठवा. शाळू कसा काढला?"

"मशिनीनं. मानसं कुठं मिळत्यात आता उपटायला?"

"आणि दर वर्षी?"

"उपटायचो. बायामानसं लावून, मुळासकट."

"मुळासकट," ती म्हणाली. "म्हणजे रानात धसकट राहतच नव्हतं. ह्या वर्षी वीतभर धसकटं राहिली, मुळं जिवंत. त्यात अवकाळी पाऊस झाला. बारा दिवसांत धसकटांना पोंगे फुटले, खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथं सगळ्यात दाट. वर फाल्गुनअखेरचं ऊन, पोंगे सुकायला लागलेले. तुम्ही कडबा वाचवायला गुरं सोडली. सात झाडाखाली बांधून ठेवली होती, आणि चार आधी सोडली ती थेट खालच्या कोपऱ्यात गेली. त्याच चार पडल्या. हौदाचं पाणी तर सगळी अकरा प्याली. विष पाण्यात असतं तर ती सात कशी उभी राहिली?"

तात्या गप्प. मग पुटपुटले, "किरळ?"

"किरळच."

मला हा शब्द लहानपणापासून माहीत होता. पावसानं ओढ दिली, आषाढ-श्रावणात जोंधळा गुडघ्याएवढाच राहून करपला आणि बांध ओलांडून गाय आत शिरली की बायका ओरडायच्या, किरळ लागंल! तात्यांच्या आईच्या हातात तेव्हा गुळाचं पाणी तयार असे. म्हणजे तात्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांची किरळ आषाढातली होती, खरिपाच्या करपलेल्या जोंधळ्यातली. फाल्गुनात, पिकून घरात आलेल्या शाळूच्या मागे ती रानात उरेल, हे त्यांच्या बापालाही कधी बघावं लागलं नव्हतं, कारण बाप शाळू उपटत होता. जुनं शहाणपण खोटं नव्हतं. ते ज्या कामाच्या रीतीला धरून होतं, ती रीतच मजूर मिळेनात म्हणून बदलली आणि शहाणपण जागच्या जागी राहिलं. मला तरी तात्यांचा दोष यात दिसत नाही.

बहिणीनं त्यांना पुढचं समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कोवळ्या ज्वारीच्या पानांत धुरीन नावाचा पदार्थ असतो. १९०२ मध्ये दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी इजिप्तच्या कोवळ्या ज्वारीतून तो वेगळा काढला आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला हे नाव दिलं. नुसत्या धुरीननं काही होत नाही. पान चावलं, चुरगळलं, सुकलं की पानातलाच दुसरा रस त्याला भिडतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. गाईच्या मोठ्या पोटातले जंतू ते काम आणखी वेगानं करतात, वर पाणी पाजलं तर अजून वेगानं. ते रक्तात गेलं की शरीराच्या पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. श्वास चालू, रक्तात प्राणवायू भरलेला, तरी जीव गुदमरतो. म्हणून रक्त लालभडक दिसतं. पीक मोठं होईल तसं हे विष कमी होत जातं आणि वाळलेल्या कडब्यात ते बहुतेक उडून गेलेलं असतं. ज्या शाळूच्या कडब्यावर तात्यांची गुरं वर्षभर जगतात, त्याच शाळूच्या वीतभर पोंग्यानं त्यांना अर्ध्या तासात मारलं.

"मंग तालुक्याच्या डाक्टरला आल्याबरूबर कळलं व्हतं तर," तात्यांनी पुन्हा धागा पकडला, "त्यानं चौथीला सुई दिली आन् ती उठली. तवाच ठरलं की. तीन तास कशाला घालीवलं?"

"त्यांनी गाईचा डोळा उलटून बघितला, लालभडक होता. रान बघितलं. आणि सुई दिली, कारण थांबायला वेळ नव्हता. ते औषध दोन भागांत असतं. एक सायनाइडला पेशींपासून ओढून घेतं, दुसरं त्याचं साध्या क्षारात रूपांतर करून लघवीवाटे बाहेर घालवतं. अंदाज बरोबर निघाला. पण जिवंत जनावराला अंदाजावर औषध देता येतं, मेलेलं जनावर अंदाजावर फाडता येत नाही."

"तुमी डाक्टर लोक दुखनं शोधता, पर ज्याचं गेलंय त्याच्याकडं बघत न्हाई." तात्या हे शांतपणे म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. "गाय पडली तवा मी तिचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं. ती माझ्याकडं बघत व्हती. तुमच्या काचेत ह्ये दिसतं का?"

"नाही दिसत."

तिनं एवढंच उत्तर दिलं आणि मला ते आवडलं. त्या जागी काहीही समजावणं खोटं झालं असतं.

मग काही वेळानं तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. आत कागदाची पट्टी होती, विटेच्या रंगाची. "ही पट्टी पिवळी होती. खालच्या कोपऱ्यातल्या गाईच्या पोटातला चारा बाटलीत घालून वर ही लटकवली, झाकण घट्ट लावलं. वाफ लागून ती अशी झाली. सायनाइड असल्याशिवाय होत नाही. तुमच्यासाठी जपून ठेवली आहे."

"कागद लाल झाला म्हंजी धनगर सुटला?"

"कागदावर विश्वास नसेल तर राहू दे. पोट उघडलं तेव्हा तुम्ही मागं सरकलात. का?"

तात्यांनी आठवलं. "कसला तरी कडू वास आला. कडू बदामावानी. डोकं गरगरलं."

"मला नाही आला," ती म्हणाली. "मला तो वास कळतच नाही. पुष्कळ माणसांना कळत नाही, जन्मजात. सायनाइडचा वास तो. मी डॉक्टर असून मला जे कळलं नाही, ते तुमच्या नाकाला कळलं. साक्षीदार तुम्हीच आहात, तात्या."

काकू कंदील घेऊन बाहेर आली, वीज गेली होती. उजेडात तात्यांचे हात दिसले, गुडघ्यांवर घट्ट धरलेले.

"त्याची मेंढरं पन त्याच रानात चरली की," ते म्हणाले, पण आता ते भांडत नव्हते, मोजत होते. "एक न्हाई मेलं."

"पावसाच्या आधी चरली. तेव्हा नुसती वाळकी धसकटं होती."

"व्हय. पावसाच्या आदुगर."

मी मग एक गोष्ट बोललो, बोलायला नको होती की काय कोण जाणे. म्हटलं, तात्या, जनावरं पटापट मेली की माणूस शोधायचा, हे आपल्याकडं जुनं आहे. इंग्रजी अमलात गुरांना विष घातल्याचे खटले मांडले जात, आणि संशय बहुतेक त्यांच्यावरच, ज्यांच्या वाट्याला मेलेलं जनावर ओढायचं काम आणि त्याचं कातडं येई. म्हणजे ज्यांना फाशीच्या जंतूंचा धोका सगळ्यांत जास्त, तेच गुन्हेगार ठरत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, तेव्हा ते नुसत्या अन्नाबद्दल बोलत नव्हते. त्या एका मेलेल्या गाईभोवती केवढं अपमानाचं ओझं बांधलेलं होतं.

मला वाटलं तात्या चिडतील. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले.

"मी आठ-नऊ वर्सांचा असंन," ते म्हणाले. "श्रावणात आपल्या गावात गुरं मेली. धा-बारा मेली असतील. महारवाड्यातला एक म्हातारा व्हता, चावडीवर त्याला खांबाला बांधला व्हता. माझ्या बानं मला खांद्यावर घेऊन दाखवला. म्हनला, बग, ह्यानं विष घातलं." तात्या थांबले. "त्या साली जोंधळा हातभर पन वर आला न्हवता. पाऊसच न्हवता. मला ह्ये आत्ता आठवतंय, तू बोलताना. जोंधळा हातभर पन न्हवता."

कुणी काही बोललं नाही. गोठ्यात वाचलेली गाय दाव्याला हिसका देत होती. तिला अजून चारा जपून देत होते.

"त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?" बहिणीनं विचारलं.

"ठाव न्हाई. मला घरी आनलं." मग तात्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्याचा नातू येष्टीत कंडक्टर हाय. मला रामराम घालतो."

काकू म्हणाली, जेवायला चला. तात्या उठले नाहीत. त्यांनी बहिणीला विचारलं, ते रान आता काय करायचं. तिनं सांगितलं की नांगरून धसकटं उपसून टाका, नाहीतर पोंगे कंबरेच्या वर जाऊन त्यांना कणीस येईपर्यंत तिकडे जनावर फिरकू देऊ नका. हिरवं कापून लगेच घालू नका, नीट वाळू द्या. आणि डॉक्टर यायला उशीर लागणार असला तरी गुळाच्या पाण्यावर विसंबू नका, आधी फोन करा. तात्यांनी मान हलवली. ट्रॅक्टर सकाळीच सांगतो म्हणाले. पोरांनाही पारावरून बोलावून घेतो म्हणाले, पण ते कसं, काय सांगून, ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

मग अचानक माझ्याकडे वळून म्हणाले, "तो धनगर आता कुठं असंल?"

मी म्हणालो, पोरांनी काढलेली माहिती खरी असेल तर सांगोल्याच्या अंगाला, कुठल्या तरी बागायतदाराच्या रानात.

"तिथं पन मशिनीनंच काढला असंल शाळू." तात्या उभे राहिले. "पाऊस तर तिथंबी झालाय. मेंढरांना लागती का गं किरळ?"

"लागते, तात्या. गाईपेक्षा जरा कमी, पण मरतात."

"मंग फोन लाव त्याला," ते मला म्हणाले. "मीच बोलतो."